सोलापूरची थंडी, दव आणि दुर्बीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बीण कशी वापरावी हे सांगणारी पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले. त्यांत गोठलेलं ग्रीस, बधिर झालेली बोटं, बर्फ चढलेली भिंगं यांवर भरभरून लिहिलेलं असतं आणि ते वाचून आपल्याकडचा नवा माणूस डिसेंबरची धास्ती घेतो. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत पारा दुपारी ३० च्या आसपास आणि पहाटे १५ च्या आसपास असतो. एखाद्या रात्री १० च्या खाली उतरला तर पेपरात बातमी येते. एवढ्या थंडीनं दुर्बिणीचं काही बिघडत नाही. आपल्याला छळतं ते दव, आणि तेसुद्धा ऐन थंडीच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणून खालच्या उत्तरांत थंडीला थोडी आणि दवाला बरीच जागा दिली आहे.

दव वरून पडतं ना? मग दुर्बिणीवर छत्री धरली तर?

दव वरून येत नाही, जिथे दिसतं तिथेच तयार होतं. हवेतल्या वाफेचं पाणी ज्या तापमानाला होऊ लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. काच त्याच्या खाली गार झाली की तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिच्यावर बसते.

खरी मेख पुढे आहे. हवा अजून दवबिंदूच्या वर असते, तरी काच ओली होते. कारण निरभ्र रात्री उघड्या आकाशाकडे तोंड असलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर फेकत राहते आणि आकाशाकडून तिला फारसं काही परत मिळत नाही. त्यामुळे काच, पत्रा, गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार होतं. पहाटे अंगणात पाहा. उघड्यावर लावलेल्या मोटारसायकलची सीट चिंब असते आणि हातभर अंतरावर पत्र्याखाली लावलेली गाडी कोरडी असते. हवा दोन्ही गाड्यांना एकच. एकीला आकाश दिसत होतं, दुसरीला पत्रा.

तेव्हा छत्रीची कल्पना अगदीच वेडी नाही. फक्त दुर्बिणीला आकाश दिसायलाच हवं. म्हणून काचेला आपण पाहतोय तेवढाच आकाशाचा तुकडा दिसू द्यायचा आणि बाकीचं झाकायचं. पुढे येणारे सगळे उपाय एकतर हे करतात, नाहीतर काचेला एक-दोन अंश ऊब देतात. तिसरा मार्ग नाही. आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) पेटी, नकाशे, वही यांच्यावर मात्र खुशाल छत्री उघडा. छान कोरडे राहतात.

सोलापूर तर दुष्काळी जिल्हा. इथे एवढं दव येतं कुठून?

जमिनीतून आणि पिकातून. सोलापुरात सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस होतो. तो उघडतो तेव्हा काळी जमीन पाणी धरून बसलेली असते, रब्बीची ज्वारी वर येत असते, भीमा आणि सीनेच्या काठानं उसाचे पट्टे उभे असतात. आकाश मात्र एकदम धुतल्यासारखं स्वच्छ. खाली ओल, वर निरभ्र आकाश, वारा पडलेला, अशा वेळी दव येणार नाही तर काय? ऑक्टोबरात रात्री नऊलाच फाइंडरची, म्हणजे नेम धरायला दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीची, काच पांढरी झालेली दिसते.

डिसेंबरच्या मध्यापासून ईशान्येचे कोरडे वारे असले की चित्र बदलतं. हवा गार असते पण कोरडी, आणि माळावर मध्यरात्रीपर्यंत दुर्बीण कोरडी राहते. तेव्हाही बंगालच्या उपसागरात काही घडून ढगाळ, दमट हवा आली आणि मग आकाश उघडलं, तर पुढच्या एक-दोन रात्री सांभाळून. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दव विसरा. तेव्हापासून मेअखेरपर्यंत आपला शत्रू धूळ.

आज रात्री दव येणार का, हे संध्याकाळी कळेल का?

बऱ्यापैकी कळतं. मोबाईलवर तापमान आणि आर्द्रता पाहा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर एक सोपा हिशोब चालतो: १०० टक्क्यांपासून आर्द्रता जितकी कमी, त्याला ५ ने भागा आणि येणारा आकडा तापमानातून वजा करा. हवा २२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर कमी पडले १५, भागिले ५ म्हणजे ३. दवबिंदू साधारण १९. काच हवेपेक्षा तीन अंशांनी गार व्हायला वेळ लागत नाही, म्हणजे तासाभरात दव येणार. हवा १६ आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू ८ च्या आसपास. निवांत बसा.

मोबाईलचा आकडा शहरातला असतो आणि तुम्ही उभे असता रानात, एवढं मात्र लक्षात ठेवा. रानातली आर्द्रता रात्री नेहमीच जास्त निघते. दोन-तीनशे रुपयांचा तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर स्टँडला लटकवून ठेवलात तर अंदाज करत बसावं लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक सोय आहे आणि ती दुर्बीणवाल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. द्राक्षवाले. पान ओलं राहिलं की डाऊनी (द्राक्षाचा बुरशीचा रोग) येते, म्हणून नान्नज किंवा कासेगावकडच्या बागाईतदाराला दवाचा अंदाज तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त लागलेला असतो. काही बागांत हवामान यंत्राला पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सरही असतो. असा कोणी ओळखीचा असेल तर संध्याकाळी एक फोन करा. ‘आज फवारणी घेताय का?’ या प्रश्नाच्या उत्तरातच तुमची रात्र कळते.

वारा हा सगळ्यात सोपा इशारा. झाडाचं पान हलत असेल तर काच हवेपेक्षा फार गार होत नाही आणि दव लांबतं. वारा पूर्ण पडला की घड्याळ सुरू झालं समजा.

मग दवाच्या रात्री दुर्बीण काढूच नये का?

उलट, आवर्जून काढावी. वारा पडलेला, हवा थरांत शांत बसलेली, धूळ खाली आलेली, ही परिस्थिती दव आणते आणि नेमकी हीच ग्रह पाहायला उत्तम. गुरूचे पट्टे किंवा शनीच्या कड्यांमधली काळी फट स्थिर दिसते ती बहुधा अशाच रात्री. दव टाळायला वाऱ्याची रात्र निवडली तर काच कोरडी राहील आणि गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसेल. माझं मत विचाराल तर ओली रात्र पत्करावी आणि तिची तयारी ठेवावी.

कुठल्या दुर्बिणीला दवाचा त्रास जास्त?

ज्या दुर्बिणीची काच अगदी पुढे, तोंडाशी असते तिला. श्मिट-कॅसेग्रेन आणि माकसुटोव्ह या आखूड, जाड दुर्बिणींची पुढची काच थेट आकाशाला सामोरी असते; त्या सगळ्यात आधी भिजतात. भिंगाच्या दुर्बिणीला कंपनीनं पुढे छोटी टोपी दिलेली असते. तिच्यावर एखाद-दोन तास निघतात, ऑक्टोबरात तेही नाही.

न्यूटनच्या पद्धतीच्या, म्हणजे आरशाच्या दुर्बिणी आपल्या हवेला चांगल्या. साध्या फिरत्या पेटीवर बसवलेल्या डॉब्सोनियन त्यातच आल्या. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो आणि नळीच त्याची टोपी होते, त्यामुळे तो भिजणं विरळा. भिजतो तो वरचा छोटा सेकंडरी आरसा. त्याचं तोंड खाली असलं तरी पाठ आकाशाकडे असते आणि आकार लहान असल्यानं तो पटकन गार होतो. नळीऐवजी दांड्यांवर उभ्या केलेल्या डॉब्सोनियनला हा त्रास जास्त. तिच्याभोवती काळ्या कापडाचा घोळ शिवून घ्यावा.

दुर्बीण कुठलीही असो, पहिला बळी फाइंडरचा. लाल ठिपक्याच्या फाइंडरची तिरकी काच तर सगळ्यांच्या आधी जाते. ‘दुर्बिणीत आज काहीच सापडत नाही’ अशी तक्रार आली की आधी फाइंडरवर बोटानं नव्हे, टॉर्चनं बघा.

गच्ची बरी की रान?

दोन्हींत देणं-घेणं आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडत राहतो. त्यामुळे गच्चीवर दव उशिरा येतं, पण त्याच उबेनं प्रतिमा थरथरते. शिवाय शहराचा उजेड आहेच. चंद्र आणि ग्रह यांना गच्ची चालते. तेजोमेघ पाहायचे तर बाहेर पडावं लागतं.

रानात जागा निवडताना पाणी टाळा. हिप्परग्याच्या तलावाचा काठ, शेततळं, उसाचा फड, नुकतं भिजवलेलं रान यांच्या कडेला दव तासभर तरी आधी येतं. मुरमाड, उंचवट्याचा माळ सगळ्यात चांगला. गार हवा जड असते, ती ओढ्या-खोलगटाकडे वाहत जाते आणि तिथेच धुई साचते. दहा-पंधरा मीटरची चढ-उतारसुद्धा फरक पाडते. तुळजापूरच्या बाजूला बालाघाटच्या कडेवर गेलात तर खालचं धुकं पाहत कोरडं बसता येतं. नान्नजचा माळ मोह पाडणारा आहे, पण ते माळढोकचं अभयारण्य. हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

आणखी एक गोष्ट त्या त्या गावातच विचारावी लागते: शेतीची लाईट रात्रीची आहे का? अकराला थ्री-फेज आली की शेजारच्या रानात मोटर सुरू होते, पाणी सुटतं आणि इतका वेळ कोरडी असलेली हवा अर्ध्या तासात ओली होते. मोटर घराजवळ असेल तर तिच्या डोक्यावरचा पांढरा बल्ब हा बोनस.

ड्यू शील्ड, म्हणजे दवासाठी काचेपुढे लावायची लांब टोपी, घरी करता येईल का?

येईल, आणि विकतच्या इतकीच चालते. योगा मॅट घ्या, चार ते सहा मिलिमीटर जाडीची. हा फोम पाणी पीत नाही, वजनाला हलका असतो आणि उष्णता अडवतो. पत्र्याची किंवा पातळ प्लास्टिकची शील्ड स्वतःच गार होऊन ओली होते, म्हणून फोम बरा.

ट्यूबचा घेर दोरीनं मोजा, त्यात तीन-चार सेंटीमीटर टोकं एकावर एक चढण्यासाठी मिळवा. लांबी अशी घ्या की काचेच्या पुढे काचेच्या व्यासाच्या दीडपट भाग राहील. सहा इंची दुर्बिणीला पुढे नऊ इंच. शिवाय ट्यूबवर पकड बसायला मागे तीन-चार इंच. दुपटीहून लांब केलीत तर कडेच्या ताऱ्यांचा उजेड अडतो. आतली बाजू काळी आणि चमक नसलेली हवी. मॅट रंगीत असेल तर आतून काळं फेल्ट चिकटवा. बॅगा आणि रेक्झिन दुरुस्त करणाऱ्याकडे वेल्क्रो शिवून मिळतं.

शील्ड दव रोखत नाही, लांबवते. एरवी नऊला भिजणारी काच अकरा-साडेअकरापर्यंत टिकते. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं, कारण दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस असतंच. लावल्यावर दुर्बिणीचा तोल पुढे जातो तेवढा परत जुळवून घ्या.

शील्ड कमी पडते. हीटर कसा लावायचा?

काचेच्या अगदी मागे, ज्या कड्यात काच बसवलेली असते त्या कड्याभोवती गरम पट्टी गुंडाळायची आणि वरून शील्ड चढवायची. काच हाताला ऊन लागायला नको. ती दवबिंदूच्या अंशभर वर राहिली की काम झालं. जास्त तापवलीत तर काचेपुढची हवाच हलू लागते आणि प्रतिमा बिघडते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणारी यूएसबी पट्टी. पॉवर बँकेवर चालते, पाच ते दहा वॅट घेते. १०,००० मिलीअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत कागदावर ३७ वॅट-अवर असतात, प्रत्यक्षात २५ ते ३० हाती लागतात. म्हणजे पाच वॅटवर पाचेक तास. फाइंडरसारख्या लहान पट्टीला करंट फार कमी लागतो आणि काही पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बंद पडतात. विकत घेण्याआधी हे तपासून पाहा.

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी स्वतः करावी. ३३० ओहमचे रेझिस्टर समांतर जोडायचे, म्हणजे दोन तारांच्या शिडीत पायऱ्यांसारखे. १२ व्होल्टवर प्रत्येक रेझिस्टर ०.४४ वॅट उष्णता देतो. पाव वॅटचे घेऊ नका, जळतील. एक वॅटचे घ्या. सहा इंची ट्यूबचा घेर साधारण ५६ सेंटीमीटर, त्यावर सारख्या अंतरानं २० रेझिस्टर लावले की ८.७ वॅट होतात आणि करंट पाऊण अँपिअरच्या आत राहतो. ५० मिलिमीटरच्या फाइंडरला चार पुरतात. न्यूटनच्या सेकंडरीला पाठीमागून तीन, बस्स. वरून कापडी पट्टीत शिवून टाका आणि बॅटरीजवळ दोन अँपिअरचा फ्यूज विसरू नका. शॉर्ट झालेली लेड-ॲसिड बॅटरी तार लालबुंद करते.

बॅटरी कुठली? घरी फवारणीचा बॅटरी पंप असेल तर त्यात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तिचे ९६ वॅट-अवर पूर्ण वापरायचे नसतात. निम्मे धरले तरी सहा वॅटचा हीटर आठ तास चालतो. औषधाचे डाग पुसून हात धुवा आणि मगच आयपीसला हात लावा. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर हीटर चालवू नका, पहाटे माळावर गाडी ढकलायला कोणी नसतं.

हीटर दव आल्यावर सुरू करणारे पुष्कळ. ओली काच वाळवायला कोरडी ठेवण्याच्या कितीतरी पट शक्ती लागते. सुरुवातीपासून मंद ठेवा.

हेअर ड्रायर चालतो का?

काच भिजलीच असेल तर चालतो. कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, हलवत राहून. एका जागी रोखून धरला तर काच असमान तापते आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं तारे विचित्र दिसतात. रानातल्या धुळीत आधी दोन सेकंद तो दुसरीकडे वळवून चालू करा, नाहीतर आतली धूळ थेट ओल्या काचेवर जाईल. घरगुती ड्रायर हजार वॅटच्या पुढचा असतो, त्याला लहान इन्व्हर्टर पुरत नाही. गाडीच्या सॉकेटवर चालणारे मिळतात, जेमतेम असतात. आणि काच पुन्हा आकाशाकडे वळली की अर्ध्या तासात पहिले पाढे पंचावन्न.

रुमालानं हलकेच पुसलं तर?

नाही. हलकेच नाही, मऊ कापडानं नाही, सोलापुरी टॉवेलनं तर नाहीच. आपल्याकडे हवेत काळ्या मातीची आणि मुरमाची बारीक भुकटी असते. दवात ती काचेवर चिकटते आणि पुसताना कोटिंगवर ओरखडे ओढते. दव आपोआप वाळतं, ओरखडा कायमचा. आयपीसची डोळ्याकडची काच तेवढी लेन्सच्या टिश्यूनं टिपायला हरकत नाही.

सोलापुरी चादर दुर्बिणीवर टाकून ठेवली तर दव लागणार नाही ना?

चहाला किंवा जेवायला उठताना तोंडावर झाकण लावून वरून चादर टाका, उत्तम. चादर आकाश झाकते, मग ट्यूब, माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक), मोटरचे खटके, वायरी सगळं कोरडं राहतं. ओली होते ती चादर, आणि दुसऱ्या दिवशी ती उन्हात टाकता येते. बघत असतानाही माउंटच्या खालच्या भागावर घडी टाकून ठेवणारे आहेत. फक्त दुर्बीण नुकतीच घरातून काढलेली असेल तेव्हा पांघरूण घालू नका, तिला गार व्हायचं असतं.

बाहेर काढल्या काढल्या ग्रह थरथरतात. दुर्बीण खराब आहे का?

नाही, गरम आहे. थंडीशी दुर्बिणीचा इथे खरा संबंध येतो तो एवढाच. आरसा घरात २७-२८ अंशांवर असतो, बाहेर २०. त्याच्या अंगावरून उबदार हवा वर चढत राहते आणि प्रतिमा नाचते. मोठ्या मॅग्निफिकेशनवर एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसच्या बाहेर करून पाहा. उजळ चकतीत एका बाजूनं धुराच्या रेघा चढताना दिसल्या तर हेच कारण.

सोलापूरची हिवाळी संध्याकाळ या बाबतीत फसवी आहे. थंडी कमी असली तरी पारा घसरतो भराभर, दुपारच्या तिशीवरून पहाटेच्या पंधरावर. जाड आरशाला त्या वेगानं गार होता येत नाही, तो सतत मागे राहतो. म्हणून सूर्य मावळायच्या सुमारास दुर्बीण सावलीत बाहेर ठेवा. सहा इंचीला पाऊण-एक तास, आठ-दहा इंचीला त्याहून जास्त. बंद नळीच्या माकसुटोव्हला सगळ्यात जास्त. आरशामागे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा लहान पंखा रबरबँडनं लटकवला तर हा वेळ बराच कमी होतो. रबरबँड यासाठी की पंख्याची थरथर ट्यूबमध्ये उतरू नये.

आयपीसवर सारखी वाफ धरते.

ती दवाची नाही, तुमच्या श्वासाची आणि डोळ्याच्या ओलाव्याची. नाकातोंडाचा श्वास बाजूला सोडायची सवय लावा. वापरात नसलेला आयपीस झाकण लावून शर्टाच्या खिशात ठेवला की उबदार राहतो. मुलांची रांग असेल तेव्हा दोन आयपीस आलटून-पालटून वापरा. चहाचा कप हातात घेऊन वाकणाऱ्या पाहुण्याला प्रेमानं दूर करा.

हुरडा पार्टीला दुर्बीण आणायला सांगतात. नेऊ का?

न्या, लोकांना चंद्र दाखवण्याइतकं पुण्य नाही. आगटी मात्र लांब हवी आणि वारा तिच्याकडून तुमच्याकडे येणारा नको. धुरातली काजळी ओल्या काचेवर बसली की तेलकट थर होतो आणि तो नुसत्या पाण्यानं निघत नाही. आगीच्या वरून पाहिलेला कुठलाही तारा नाचतोच. शिवाय आगटीकडे बघून आलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं मृगातला तेजोमेघ धड दिसत नाही. आधी आकाश, मग हुरडा, असा क्रम यजमानांना पटला तर बघा. बहुतेक वेळा पटत नाही.

संपल्यावर दुर्बीण घरात कशी आणायची?

काच कोरडी असेल तर बाहेरच झाकणं लावा, पेटीत घाला, पेटी बंद करूनच घरात आणा आणि सकाळपर्यंत उघडू नका. घरात २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असली तरी दवबिंदू १५ च्या आसपास येतो, आणि तुमची काच त्याहून गार असू शकते. उघडी आणलीत तर घरात दव धरेल.

काच ओली असेल तर नेमकं उलटं. झाकण लावून ओल कोंडू नका. दुर्बीण घरात आडवी, तोंड किंचित खाली करून, पंख्याच्या थेट झोतात नव्हे पण हवेशीर ठेवा. वरून पातळ कापड. पूर्ण वाळल्यावरच झाकणं लावा.

एसीच्या खोलीतून ऑक्टोबरच्या दमट हवेत एकदम बाहेर काढणाऱ्यांचं हेच होतं, दिशा उलटी एवढंच.

काचेवर जाळीसारखी नक्षी दिसतेय. बुरशी का?

बहुधा. ओली दुर्बीण बंद पेटीत राहिली, किंवा जून ते सप्टेंबर ती पेटीतून बाहेरच निघाली नाही, की हे होतं. चामड्याची आणि आतून मखमलीची पेटी ओल धरते. ती दिसायला छान, पावसाळ्यात वाईट. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा मीटर, एवढं पुरे. मीटर ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यासाठी स्वयंपाकाचा तवा किंवा भांडं वापरू नका. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

आयपीसवरची बुरशी वरवरची असेल तर निघते. भिंगांच्या आत गेली असेल तर जाणकाराला दाखवा.

थंडीत बॅटरी, ग्रीस, मोटर यांची काही काळजी?

सोलापुरात नाही. ती चिंता लडाखमध्ये, हानलेला. तिथे ४,५०० मीटर उंचीवर २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो. खगोलशास्त्रज्ञ ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावर चालवतात. आपल्याला फार तर अल्कलाइन सेल थोडे लवकर उतरलेले दिसतील.

अंगावर काय घालावं?

पंधरा अंश म्हणजे चालताना काहीच नाही, पण तीन तास एका जागी उभं राहिलं की गुडघ्यांपासून गारठा चढतो. चप्पल नको, मोजे आणि बूट हवेत; ओल्या गवतातून पायच आधी गार पडतात. कानटोपी. बसायला खुर्ची. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीचा उल्कावर्षाव झोपून पाहणार असाल तर खाली ताडपत्री घाला आणि पांघरुणावरही प्लास्टिकचा कागद टाका, नाहीतर दोनच्या सुमारास चादर पिळावी लागते. आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत शहराजवळ अंधाराची अपेक्षा ठेवू नका. शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर दुर्बीण घरी ठेवून होम मैदानावर जावं.

दव वाळल्यावर आरशावर ठिपके राहिलेत. धुवायचा का?

थांबा. थोडेफार ठिपके आणि धूळ यांनी दिसण्यात काही फरक पडत नाही. टॉर्च मारून पाहिलं तर कुठलाही आरसा घाणेरडाच दिसतो. ताऱ्यांचा उजेड मंदावलेला जाणवला किंवा काजळी, परागकण, किड्यांची घाण चिकटली असेल तेव्हाच धुवा. दोन-तीन वर्षांतून एकदा.

आरसा त्याच्या बैठकीतून सोडवा. बोटातल्या अंगठ्या काढा. आधी नळाच्या हलक्या धारेखाली काही मिनिटं धरा, म्हणजे खडे वाहून जातात. मग कोमट पाण्यात भांड्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब, त्यात बुडवलेला स्वच्छ कापूस आरशावरून स्वतःच्या वजनानं ओढायचा, दाब अजिबात नाही. प्रत्येक ओढीला कापूस बदला. शेवटची धार डिस्टिल्ड पाण्याचीच हवी, कारण बोअरच्या जड पाण्याचे क्षार वाळले की पहिल्यापेक्षा मोठे डाग पडतात. आरसा उभा टेकवून ठेवा, खाली ओघळून राहिलेले थेंब टिश्यूच्या टोकानं शोषून घ्या. परत बसवताना क्लिपा घट्ट आवळू नका. आरसा आणि क्लिप यांच्यामध्ये कागदाची चिठ्ठी सरकली पाहिजे. मग कोलिमेशन (आरसे एका रेषेत असणं) पुन्हा जुळवावं लागेल, त्यासाठी दिवसाचा उजेड बरा.